खडकी ते खुलताबाद, पायी

जपानमधल्या किसो खोऱ्यात मागोमे आणि त्सुमागो अशी दोन गावं आहेत. दोघांमधलं अंतर जेमतेम आठ किलोमीटर. एदो, म्हणजे आजचं टोकियो, आणि क्योटो यांना डोंगरांतून जोडणाऱ्या नाकासेंदो या जुन्या राजमार्गावर एकोणसत्तर मुक्काम होते, त्यांतले हे दोन. पुढे रेल्वे आली, मोटारीचा रस्ता दुसरीकडून गेला आणि त्सुमागो ओस पडत चाललं. १९६८ पासून तिथल्या लोकांनी जुनी लाकडी घरं नीट करायला घेतली आणि १९७१ मध्ये गावाने एक सनदच करून टाकली : घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. दिवसा मुख्य गल्लीत मोटारीला मज्जाव. आता जगभरातून माणसं येतात ती हे आठ किलोमीटर चालायला. वाटेत एका जुन्या चहाघरात चालणाऱ्याला फुकट चहा मिळतो. अस्वलं जवळ येऊ नयेत म्हणून जागोजाग घंटा टांगल्या आहेत, त्या वाजवत पुढे जायचं.

हल्ली आपल्याकडची मंडळीही जपानची सहल करून येतात आणि या वाटेचे फोटो दाखवतात. फोटो संपले की हटकून एक सुस्कारा ऐकू येतो, ‘असं आपल्याकडे कुठे?’

आहे की. छत्रपती संभाजीनगरच्या भडकल दरवाजातून निघायचं, खाम नदी ओलांडायची, छावणीकडून पडेगाव, मिटमिटा, शरणापूर करत दौलताबादचा किल्ला गाठायचा, किल्ल्याला वळसा घालून घाट चढायचा की आलं खुलताबाद. तिथून डोंगर उतरला की वेरूळ. सगळं मिळून तीस किलोमीटरच्या आसपास. या पट्ट्यात यादवांची राजधानी आहे, तुघलकाची आहे, निजामशाहीची आहे. बौद्ध, हिंदू, जैन लेणी आहेत, सुफींचे दर्गे आहेत, ज्योतिर्लिंग आहे, आणि दिल्लीच्या एका बादशहाची कबरही आहे. शिवाय या वाटेने खरोखरच माणसं चालतात. एकदोन हौशी नव्हेत, हजारोंनी. फक्त ती चालतात श्रावणातल्या शुक्रवारी रात्री आणि हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री. उरलेलं वर्षभर याच रस्त्याच्या कडेने कुणी पायी निघालं, तर मागून येणारा गाडीवाला हॉर्न वाजवून त्याला वेड्यात काढतो. माझी तक्रार आहे ती एवढीच, आणि ती रस्त्यापेक्षा आपल्या सगळ्यांबद्दल जास्त आहे.

या श्रावणात शुक्रवारी दुपारीच निघालो, कारण रात्रीच्या वाटेआधी शहर चालून बघायचं होतं. सुरुवात भडकल दरवाजापासून केली ती मुद्दाम. खडकी नावाचं खेडं होतं तिथे मलिक अंबरने शहर वसवलं, तो काळ १६१० च्या आसपासचा. हबशाच्या मुलखात, म्हणजे आजच्या इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात अहमदनगरच्या निजामशाहीत आलेला हा माणूस. जहांगीरच्या फौजांना त्याने दख्खनमध्ये वर्षानुवर्षं धड बसू दिलं नाही. मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून १६१२ मध्ये त्याने हा दरवाजा उभारला. आज दरवाजासमोर बाबासाहेबांचा पुतळा आहे, रिक्षांचा थांबा आहे आणि सतत चाललेली रहदारी आहे. गाडीतून जाताना दरवाजा हा वळण घ्यायला लावणारा अडथळा वाटतो. पायी गेलं तर कमानीखाली थांबता येतं आणि वर मान केली की घुमटाच्या आतली गोलाई दिसते. बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात, त्यांतले मोजके उरलेत. स्मार्ट सिटीच्या कामात त्यांतल्या काहींची डागडुजी झाली हे मान्य करायला हवं.

शहराच्या पोटातल्या वस्त्यांची नावं वाचत चाललं तरी इतिहासाचा एक धडा होतो. मालपुरा मालोजींच्या नावाने, खेलपुरा खेलोजींच्या, परसपुरा परसोजींच्या, विठापुरा विठोजींच्या नावाने, असं परंपरा सांगते. ही सगळी अंबरच्या काळातली मराठा सरदार मंडळी. नंतर औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला, १६५३ मध्ये शहराचं नाव औरंगाबाद झालं, आणि त्याच्याबरोबरच्या राजपूत सरदारांचे पुरे वसले : जयसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा. बिकानेरचा करणसिंह गेला, पण नवरात्रात करणपुऱ्याच्या देवीची यात्रा अजून भरते आणि आकाशपाळण्यासाठी पोरं आईबापांच्या मागे लागतात.

पाणचक्कीवर थोडं रेंगाळायला हवं. पर्यटक येतो, हौदातले मासे बघतो, भिंतीवरून पडणाऱ्या पाण्यासमोर फोटो काढतो आणि बीबी का मकबऱ्याकडे पळतो. पण हे पाणी आलं कुठून? शहराच्या उत्तरेच्या डोंगरात काही किलोमीटरवर झरा आहे. तिथून जमिनीखालून मातीच्या नळांतून ते आणलंय. वाटेत दाब सांभाळायला उंच दगडी खांब बांधलेत, पाणी त्यातून वर चढतं आणि पुढे उतरतं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी या पाण्यावर जातं फिरायचं आणि पीठ दळलं जायचं. बाबा मध्य आशियातल्या बुखाराकडचे. नावातच ‘मुसाफिर’. हौदाच्या खाली मोठं दालन आहे. हौदाचा तळ म्हणजे त्या दालनाचं छत. वैशाखात वर डांबर वितळत असताना खाली अंगाला गारवा लागतो. मलिक अंबरने त्याआधीच नहर-ए-अंबरी खोदून शहरभर असं पाणी फिरवलं होतं. आज या शहराला पन्नासएक किलोमीटरवरच्या जायकवाडीच्या धरणातून पाणी येतं आणि तेही नळाला कित्येक दिवसांनी एकदा. बेगमपुऱ्यात एका ओट्यावर रिकामे ड्रम रांगेने लावलेले दिसले आणि त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर नहरीचा एक जुना खांब, डोक्यावर पिंपळ उगवलेला.

मकबऱ्याला ‘दख्खनचा ताज’ म्हणून त्याचं नुकसान केलंय असं माझं मत आहे. ताजशी तुलना झाली की तो कायम हरणार. औरंगजेबाच्या पत्नीची, दिलरसबानू बेगमेची ही कबर सतराव्या शतकाच्या मध्यात बांधली गेली. वास्तुरचनाकार अताउल्ला हा ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. तावेर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याला सुरतेकडून येताना संगमरवराने लादलेल्या सुमारे तीनशे गाड्या दिसल्या होत्या. पैशाला हात आखडता घेतला गेला तो त्यानंतर. कमरेपर्यंत संगमरवर, वर बराचसा चुन्याचा गिलावा. पण गिलाव्यावरचं ते काम जवळ जाऊन बघा. वेलबुट्टीच्या कडा अजून धारदार आहेत. दगड महाग होता, कारागीर मात्र अव्वल होते.

मकबऱ्याच्या मागे डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. अजिंठा-वेरूळच्या सावलीत ती कायम दुर्लक्षित राहिली आणि त्यामुळे अजून शांत आहेत. तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यात बुद्धासमोर माणसाच्या उंचीच्या भक्तांचे दोन गट गुडघे टेकून बसलेत. केसांची रचना, कानातले, जोडलेले हात सगळं स्पष्ट. सातव्या लेण्याच्या दर्शनी भिंतीवर अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वाटसरूंवर आलेली संकटं कोरलीत : आग, चोराची तलवार, बेड्या, बुडणारी नाव, सिंह, साप, मत्त हत्ती, मृत्यू. प्रत्येक चौकटीत घाबरलेला माणूस हात जोडतोय आणि बोधिसत्त्व मदतीला येतोय. व्यापारी मार्गावरच्या लेण्यात याहून योग्य देव कोणता असणार? हाच अवलोकितेश्वर चीनमार्गे जपानला पोहोचून ‘कान्नोन’ झाला आणि क्योटोच्या परिसरात त्याच्या तेहतीस मंदिरांची पायी यात्रा शेकडो वर्षं चालू आहे. संभाजीनगरच्या माणसाने हे लेणं बघून चालायला सुरुवात करावी, अशी माझी शिफारस आहे. सिंह आता उरले नाहीत, पण हायवा ट्रकसाठी एक नववी चौकट कोरायला हवी.

रात्री दहाच्या सुमारास नगर नाक्यावर पोहोचलो तेव्हा रस्ता आमचा झालेला होता. श्रावण शुक्रवारी पोलीस जड वाहनं दुसरीकडून वळवतात. शनिवार मारुतीचा, म्हणून शुक्रवारी रात्री निघून पहाटे खुलताबादच्या भद्रा मारुतीच्या दारात उभं राहायचं, अशी ही रीत. कुणी अनवाणी, कुणी पायात नवे बूट घातलेले आणि दोन तासांत ते हातात घेतलेले. वाळूजच्या कारखान्यांतून सुटलेली पोरं कंपनीच्या गणवेशातच आली होती. एक आजी नातवाच्या खांद्याला धरून चालत होत्या आणि नातवापेक्षा पुढे होत्या. ‘जय भद्रा’ची आरोळी मागून उठायची आणि लाटेसारखी पुढे जायची.

मला या गर्दीत सगळ्यात महत्त्वाच्या वाटल्या त्या मुली. वसतिगृहातल्या, क्लासमधल्या, गल्लीतल्या. पाच-सहा जणींचे घोळके, केसांच्या वेण्या, पाठीवर छोटी सॅक, मोबाइलवर गाणी. एरवी रात्री नऊनंतर बाहेर पडली तर जिच्या घरून दहा फोन येतात, ती मुलगी या रात्री पहाटेपर्यंत उघड्या डांबरी रस्त्यावर असते आणि कुणी तिला ‘कुठे चाललीस’ म्हणून विचारत नाही. उत्तर सगळ्यांना माहीत असतं. देवाच्या नावाने मिळालेली ही मोकळीक आहे हे खरं, पण मोकळीकच आहे. त्यांच्यातल्या किती जणी मारुतीसाठी चालतात आणि किती जणी रात्रीसाठी, हे विचारण्याचा मला अधिकार नाही.

आणि खाणं! त्सुमागोच्या वाटेवर फुकट चहाचं एक घर आहे म्हणून प्रवासी कौतुक करतात. शिकोकू बेटावर अठ्ठ्याऐंशी मंदिरांची बाराशे किलोमीटरची परिक्रमा आहे, तिथले गावकरी यात्रेकरूंच्या हातावर संत्री, भाताचे गोळे, कधी पैसेही ठेवतात. पडेगाव ते दौलताबाद या टप्प्यात त्या सगळ्यांना मागे टाकणारी चढाओढ असते. मंडळांचे मंडप, त्यात साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचे लाडू, केळी, उकळत्या चहाची पातेली. कुणी पायाला बाम चोळून देतंय, कुणी फोडांवर पट्टी लावतंय. नाही म्हटलं तर राग येतो. ‘घ्या हो काका, उपासाचंय’ असं म्हणत खिचडीचा द्रोण हातात कोंबतात. मिटमिट्याच्या पुढे एका मंडपात मुसलमान पोरं पाण्याच्या बाटल्या वाटत होती. कुणी त्याची बातमी करत नव्हतं, फोटोही काढत नव्हतं, हे जास्त बरं वाटलं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. द्रोण, कागदी पेले, प्लास्टिकच्या बाटल्या यांचा सकाळी रस्त्याच्या दोन्ही कडांना थर साचतो. काही मंडळांना डीजेशिवाय भक्ती सुचत नाही. शरणापूरजवळ भांगसीमातेचा गड अंधारात छान उठून दिसतो, पण तो बघायला थांबलो तर शेजारच्या स्पीकरने छाती हादरवली. चालणाऱ्यांची सेवा करणारे हात एवढे आहेत, तर दुसऱ्या दिवशी झाडू धरणारे का नाहीत, हा प्रश्न मंडळांनी स्वतःला विचारावा.

दौलताबाद आलं की चाल आपोआप मंदावते. रात्री किल्ला बंद, पण चांदमिनार दिसतो. पंधराव्या शतकात बहमनी सुलतानाने बांधलेला, साठ मीटरहून उंच. त्याच्यामागे डोंगर, खालची बाजू तासून उभी केलेली, कुठे पाय ठेवायला जागा नाही अशी. बाराव्या शतकाच्या अखेरीस यादवांच्या पाचव्या भिल्लमाने इथे, म्हणजे तेव्हाच्या देवगिरीत, राजधानी केली. अल्लाउद्दीन खिलजी १२९६ मध्ये येऊन लूट घेऊन गेला. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्ली इथे हलवली. या स्थलांतराला वेडेपणा म्हणून आपण शाळेत हसलो. पण इब्न बतूता लिहितो की दिल्ली ते दौलताबाद चाळीस दिवसांच्या वाटेवर दुतर्फा झाडं होती आणि बागेतून चालल्यासारखं वाटायचं. वेड्या राजाच्या रस्त्याला सावली होती. शहाण्या माणसांनी रुंद केलेल्या रस्त्यांची झाडं कुठे गेली, हे विचारायला बतूता आता नाही. त्यानेच या किल्ल्यातल्या तळघराबद्दल लिहिलंय, की तिथले उंदीर मांजरांहून मोठे आणि मांजरं त्यांना भिऊन पळतात.

गड दिवसा चढायचा, आणि हातात वेळ ठेवून. महाकोट, कालाकोट ओलांडून खंदकापाशी यावं. मग ती अंधारी : कातळात कोरलेला वळणांचा बोगदा. शत्रू आत शिरला की दिशा हरवणार, वरून उकळतं तेल, धूर. मशालीच्या जागी आता मोबाइलचे दिवे असतात आणि वटवाघळांचा वास तसाच. बाहेरच्या तटाला अंबरकोट म्हणतात, म्हणजे मलिक अंबर इथेही भेटतोच. वर जनार्दनस्वामींचं स्थान आहे. पैठणचा एकनाथ नावाचा मुलगा गुरूच्या शोधात साठ-पासष्ट किलोमीटर चालत याच किल्ल्यावर आला. जनार्दनस्वामी किल्लेदार, दरबारी माणूस. त्यांनी पोराला हिशेबाच्या वह्या दिल्या. एका पैचा फरक शोधायला नाथ रात्रभर जागले ही गोष्ट घरोघरी सांगतात. मला त्या गोष्टीतली पै नाही, तर चालत आलेला पोरगा महत्त्वाचा वाटतो. मराठवाड्यातलं जे मोठं लेखन आहे, ते बहुतेक चालणाऱ्या माणसांभोवती झालंय. चक्रधरस्वामी पैठणला होते, वेरूळच्या लेण्यांत राहिले, आणि लीळाचरित्रात पानोपानी कुठल्या गावाहून कुठल्या गावाला निघाले याची नोंद आहे.

किल्ल्याच्या पुढे, खुलताबादच्या रस्त्याला कागजीपुरा लागतो. रात्री तो झोपलेला असतो. म्हणून तिथे वेगळ्या दिवशी गेलो. तुघलकाच्या काळात कागदी कारागीर इथे आले असं सांगतात आणि जुन्या मराठी दफ्तरांत दौलताबादी कागदाचं नाव भेटतं. काम अजून हातानेच. चिंध्या आणि रद्दी कुटून त्यांचा लगदा पाण्याच्या हौदात ढवळला जातो. कारागीर हौदाच्या काठी बसतो, दोन्ही हातांनी चौकट तिरकी पाण्यात घालतो, आडवी करून वर उचलतो आणि एक हलका झटका देतो. पाणी निथळतं, जाळीवर ओला थर उरतो. तो उलटून ओल्या कागदांच्या ढिगावर ठेवायचा, चौकट पुन्हा पाण्यात. एक कागद जाड आला की सगळा ढीग तिरका होतो, म्हणून सगळी कला त्या झटक्यात. मग ढीग दाबून पाणी काढायचं, एकेक कागद सुटा करून वाळवायचा. पूर्वी तो गुळगुळीत दगडाने घोटायचे. मागोमे आज ज्या गिफू प्रांतात आहे, त्याच प्रांतातल्या मिनो गावच्या हातकागदाला युनेस्कोने २०१४ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. मिनोत तुतीच्या जातीच्या झाडाची साल वापरतात, इथे चिंध्या. हाताची हालचाल मला तरी सारखीच दिसली. इथला कागद लग्नपत्रिका आणि पिशव्यांच्या रूपाने विकला जातो. कारागिरांच्या मुलांपैकी बरीच वाळूजला कामाला जातात. कदाचित त्या रात्री गणवेशात चालणाऱ्यांत एखादा कागजीपुऱ्याचा असेलही.

घाट चढताना पाऊस आला. मोठा नाही, अंगाला चिकटणारा. घाटात मंडप नाहीत, दिवे कमी, आरोळ्या थांबतात आणि फक्त पावलांचा आवाज उरतो. त्या एका टप्प्यासाठी सगळी रात्र चालावी.

खुलताबादला जुनी माणसं रोजा म्हणतात. पहाटे भद्रा मारुतीची रांग गल्ल्यांतून वळत गेलेली, रुईच्या पानांचे हार, नारळ, तेलाचा आणि शेंदराचा वास. मारुती इथे आडवा आहे, झोपलेला. भद्रसेन नावाचा राजा रामाचं भजन म्हणायचा, ते ऐकता ऐकता मारुतीला समाधी लागली अशी कथा. रात्रभर चालून आलेल्या माणसासमोर देव पहुडलेला असावा यात एक गंमत आहे आणि ती गंमत रांगेतल्या पोरांनाही कळते.

उजाडल्यावर गाव बघावं. तट आहे, दरवाजे आहेत, बहुतेक चढ-उतार. बुऱ्हाणुद्दीन गरीब, झैनुद्दीन शिराझी, जर जरी जर बक्ष अशा चौदाव्या शतकातल्या सुफींचे दर्गे इथे, म्हणून नंतरच्या राज्यकर्त्यांनी आपापल्या कबरी त्यांच्या पायाशी मागून घेतल्या. हैदराबादचा पहिला निजाम बुऱ्हाणुद्दीनच्या आवारात. औरंगजेब झैनुद्दीनच्या. १७०७ मध्ये तो अहमदनगरजवळ वारला आणि इथे आणला गेला. कबर उघडी, माथ्यावर छत नाही. टोप्या विकून साठवलेल्या चौदा रुपये बारा आण्यांत ती झाली असं सांगतात. संगमरवरी जाळी खूप नंतर, निजामाच्या काळात आली. मार्च २०२५ मध्ये या कबरीवरून राज्यभर वातावरण तापलं आणि तेव्हापासून बंदोबस्ताची सवय गावाला झाली आहे. मारुतीचा प्रसाद विकणारे आणि दर्ग्याची फुलं विकणारे शेजारी बसतात. त्यांना कॅमेऱ्यांचा कंटाळा आलेला आहे, हे चेहऱ्यावर दिसतं.

मी मात्र दुसऱ्या कबरीकडे गेलो. गावाबाहेर, मोकळ्यावर, मलिक अंबरची. १६२६ मध्ये तो गेला. काळ्या दगडाची भारदस्त इमारत, कडेला गवत, चार-दोन शेळ्या, पर्यटक नाही. ज्याने खडकी वसवली, नहर खोदली, भडकल उभारला, अंबरकोट बांधला, त्याचं सगळं आयुष्य एका रात्रीच्या चालण्यात मावतं. मी ज्या दरवाजातून निघालो तो त्याचा, आणि वाट येऊन थांबली तीही त्याच्याच दाराशी. गाडीने गेलं तर या पाच जागा पाच वेगळ्या स्थळांच्या पाट्या होतात. पायांना कळतं की हा एकाच माणसाचा मुलूख आहे. त्याची राजधानी आणि त्याचा किल्ला यांत अर्ध्या दिवसाची चाल, किल्ला आणि त्याची कबर यांत आणखी अर्ध्या दिवसाचीही नाही.

रविवारी सकाळी सूलिभंजनला गेलो. जनार्दनस्वामींनी नाथांना तपाला पाठवलं ते हे ठिकाण. दत्ताचं मंदिर, खाली खोरं, पावसाळ्यात ढग पायाखालून जातात. तिथून उतरून वेरूळ. लेण्यांबद्दल मी लिहिणार नाही, त्यावर ग्रंथ आहेत. चौतीस लेण्यांपैकी फक्त बाराव्याचा, तीन तालाचा उल्लेख करतो. त्यात नऊ चौकोनांचं शिल्प आहे. मधे बुद्ध, भोवती आठ बोधिसत्त्व. भिंतीवर कोरलेलं मंडलच ते. शिकोकूची परिक्रमा ज्या कूकाईच्या नावाने चालते, त्याने नवव्या शतकाच्या सुरुवातीला चीनमधून जपानला नेला तो याच प्रवाहातला बौद्ध धर्म. कैलासासमोर गर्दी असताना इथे मोकळं बसता येतं. गावात मालोजीराजांची गढी आणि समाधी, अहिल्याबाईंच्या काळात पुन्हा बांधलेलं घृष्णेश्वराचं मंदिर. गाभाऱ्यात पुरुषांनी उघड्या अंगाने जायचं, त्यामुळे दारात शर्टांचा ढीग.

जपानचा आणखी एक संबंध इथे आहेच. अजिंठा-वेरूळ विकासासाठी जपानने १९९२ आणि २००३ अशी दोनदा कर्जं दिली. त्यातून रस्ते रुंद झाले, विमानतळाची नवी इमारत झाली, अभ्यागत केंद्रं झाली. ही सगळी यादी विमानाने आणि मोटारीने येणाऱ्याची आहे. ज्या देशाने आठ किलोमीटरच्या पायवाटेवर दोन गावं जगवली, त्याच्या पैशात आपण पायवाट मागितली नाही. मागायला हवी होती अशी गोष्ट फार मोठी नव्हती : डांबराच्या कडेला दोन माणसं जोडीने चालतील एवढी मुरमाची पट्टी, काही झाडं, घाटात कठडा, दर पाच किलोमीटरला पाणी आणि एक स्वच्छतागृह. चहाची काळजी करू नका, ती मंडळं घेतील. जमिनीपुरतं बोलायचं, तर वीस-पंचवीस किलोमीटरची सलग पट्टी निघणं अवघड आहे, पण दौलताबाद ते खुलताबाद एवढा घाटाचा टप्पा आज करता येईल. तेवढ्याने वर्षातल्या इतर रात्रीही कुणी तरी निघेल. एखादी मुलगीसुद्धा, कुठल्याही देवाचं नाव न घेता.

दुपारी वेरूळहून लाल बस पकडली. दौलताबादला दिल्ली दरवाजाच्या कमानीत ती अडकली, कारण रस्ता अजून त्या दरवाजातूनच जातो आणि समोरून दुसरी बस आत शिरली होती. शत्रूचे हत्ती अडवायला बांधलेला दरवाजा आपलं काम चोख करत होता. दोन्हीकडे गाड्यांची शेपटी लागली, हॉर्न सुरू झाले, कुणी तरी उतरून वाहतूक पोलिसाची भूमिका घेतली. अर्ध्या तासाने बसमधले सात-आठ जण कंटाळून खाली उतरले आणि कमानीच्या कडेने चालू लागले. वाहक दारातून ओरडला, ‘तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत!’ त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मीही उतरलो.